मद्यपाश : ओपीडीच्या वाटेने परत मिळणारी वर्षे

वाचकहो, आपल्या घरातील कोणी नियमित दारू पीत असेल, तर त्याच्याविषयी अनेक प्रश्न आपण स्वतःला विचारले असतील. पैसा किती जातो, शेतीकडे कोण पाहणार, मुलींची लग्ने कशी व्हायची, गावात मान कसा राहायचा. एक प्रश्न मात्र बहुतेक घरांत उच्चारला जात नाही. हा माणूस किती वर्षे जगणार आहे? आई-वडिलांना हा प्रश्न अशुभ वाटतो आणि पत्नीला तो विचारण्याचे धैर्य होत नाही. तरीही वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मद्यपाशाचा सर्वांत महत्त्वाचा हिशेब हाच आहे. पैशाचे नुकसान भरून निघू शकते, गेलेली वर्षे भरून निघत नाहीत.

या लेखात तो हिशेब आपण शांतपणे मांडू. सुरुवातीचे आकडे कठोर आहेत, परंतु त्यांच्या पुढची गोष्ट आशेची आहे. योग्य उपचारांनी यातील बरीच वर्षे वाचू शकतात, आणि असे पुष्कळसे उपचार रुग्णालयात भरती न होता, बाह्यरुग्ण विभागात म्हणजे ओपीडीत घेता येतात.

किती वर्षे कमी होतात?

डेन्मार्क, फिनलंड आणि स्वीडन या तीन देशांत प्रत्येक नागरिकाच्या आरोग्याच्या नोंदी वर्षानुवर्षे जपून ठेवल्या जातात. त्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. मद्यपाशामुळे ज्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते, अशा पुरुषांचे सरासरी आयुर्मान 47 ते 53 वर्षे आणि स्त्रियांचे 50 ते 58 वर्षे आढळले. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत ही माणसे 24 ते 28 वर्षे आधी मरण पावत होती. लक्षात घ्या, हे देश श्रीमंत आहेत आणि तेथे सर्वांना सरकारी आरोग्यसेवा मिळते. तरीही एक अख्खी पिढी मोठी होण्याइतका काळ दारूने हिरावून नेला.

अर्थात, रुग्णालयात दाखल झालेले हे रुग्ण सर्वांत गंभीर अवस्थेतले होते. जर्मनीतील एका अभ्यासाने सर्वसामान्य वस्तीतील मद्यपाशग्रस्तांचा 14 वर्षे मागोवा घेतला. त्यातही पुरुषांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय 58 आणि स्त्रियांचे 60 होते. म्हणजे तेथील इतरांपेक्षा सुमारे 20 वर्षे कमी. पुरुषांत मृत्यूचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट, तर स्त्रियांत साडेचार पटींहून अधिक होते. स्त्रीच्या शरीरावर मद्याचा आघात अधिक तीव्र होतो, हे त्यातून पुन्हा दिसले.

याच जर्मन अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. ज्यांनी पूर्वी कधीतरी भरती होऊन व्यसनमुक्तीचा उपचार घेतला होता, ती माणसे इतरांपेक्षा जास्त जगली असे आढळले नाही. याचा अर्थ भरती निरुपयोगी आहे असा घेऊ नये. एकदा जाऊन आलो की काम झाले, ही समजूत मात्र त्यामुळे डळमळीत होते. मधुमेहाचा रुग्ण आठवडाभर दवाखान्यात राहून आला म्हणून त्याचा मधुमेह संपत नाही. मद्यपाशही तसाच दीर्घकाळ सोबत राहणारा आजार आहे, आणि त्याला दीर्घकाळ चालणारे उपचार लागतात.

आता आशेची बाजू. अनेक अभ्यास एकत्र करून 2013 मध्ये झालेल्या विश्लेषणात असे दिसले, की उपचारांनंतर ज्यांनी दारू पूर्ण थांबवली किंवा पुष्कळ कमी केली, त्यांच्यातील मृत्यूची शक्यता भरपूर पीत राहणाऱ्यांच्या तुलनेत निम्म्यापेक्षाही खाली आली. यकृत आकसून कठीण झालेले असले, म्हणजे सिरोसिस झाला असला, तरी दारू थांबवणाऱ्याचे आयुष्य न थांबवणाऱ्यापेक्षा लांबते. 'आता काय, व्हायचे ते होऊन गेले' हे वाक्य म्हणूनच वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे आहे.

मृत्यू कोणत्या वाटेने येतो?

दारू म्हटले की आपल्याला यकृत आठवते. प्रत्यक्षात ती अनेक वाटांनी आयुष्य कमी करते. रक्तदाब वाढतो, मेंदूत रक्तस्राव होतो, हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हृदयाचे ठोके अनियमित पडतात. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत आणि मोठे आतडे यांच्या कर्करोगांचा संबंध मद्याशी आहे. स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचाही आहे. क्षयरोग जडण्याची शक्यता वाढते आणि जडल्यावर औषधांत खंड पडतो. त्यात तंबाखूची जोड असली, तर धोका अनेक पटींनी वाढतो. याशिवाय रात्री दुचाकीवरून परतताना होणारे अपघात, विहिरीजवळचे पडणे, भांडणे आणि आत्महत्या. मराठवाड्यातील वाचकांना हे शेवटचे कारण वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. कर्ज, नापिकी आणि दारू एका घरात एकत्र आली, की निराशेतून बाहेर पडण्याची शक्ती दारूच काढून घेते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार 2019 या एका वर्षात जगात सुमारे 26 लाख मृत्यू मद्यामुळे झाले. आपल्या देशात केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे 16 कोटी भारतीय मद्य घेतात आणि पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांचे मद्यपान हानिकारक किंवा अवलंबित्वाच्या पातळीचे आहे. मद्यावर अवलंबून असलेल्या दर 38 जणांपैकी केवळ एकाला कोणत्याही प्रकारची मदत मिळाल्याचे त्यात आढळले. भरती होऊन उपचार मिळालेला तर 180 मध्ये एक. उरलेल्या सदतीस जणांच्या घरांत काय चालले असेल? तेथे शपथा होतात, भांडणे होतात, नवस बोलले जातात, आणि अखेर मौन येते.

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' 1919 मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील सिंधूच्या सोशिकतेने पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांचे डोळे पाणावले. त्या काळी मद्यपाशाला वैद्यकीय उपचार जवळजवळ नव्हते, म्हणून सोसण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज उपचार उपलब्ध असतानाही आपण सिंधूचाच मार्ग धरतो, हे दुर्दैव आहे.

भरती न होता उपचार होतात का?

'त्याला कुठेतरी टाका' हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. भरती म्हणजेच उपचार, असा समज त्यामागे असतो. भरतीसाठी पैसे हवेत, रजा हवी, रुग्णाची तयारी हवी. यांपैकी काही जमत नाही म्हणून उपचारच राहून जातात. म्हणून ओपीडीतील उपचारांचे पुरावे पाहणे आवश्यक आहे.

लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयात ग्रिफिथ एडवर्ड्‌स आणि जिम ऑरफर्ड यांनी 100 विवाहित मद्यपाशग्रस्त पुरुषांचा अभ्यास केला; तो 1977 मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांची सविस्तर तपासणी झाली. त्यानंतर निम्म्यांना पत्नीसह एकदाच बसवून स्पष्ट सल्ला देण्यात आला, तर उरलेल्यांना अनेक महिन्यांचे भरगच्च उपचार मिळाले. वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या स्थितीत लक्षणीय फरक नव्हता. नीट तपासणी, पतिपत्नींना एकत्र बसवून बोललेले स्पष्ट शब्द आणि नंतर घेतलेली विचारपूस यांत किती ताकद असते, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

आपल्या शेजारच्या गोव्यातील उदाहरण तर अधिक जवळचे आहे. 'संगत' या संस्थेतील डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, हानिकारक पातळीवर पिणाऱ्या 377 पुरुषांवर प्रयोग केला. एका गटाला नेहमीची, थोडी सुधारित वैद्यकीय सेवा मिळाली. दुसऱ्या गटाला त्याबरोबर एक ते चार बैठकांचे समुपदेशन मिळाले. प्रत्येक बैठक अर्ध्या ते पाऊण तासाची. समुपदेशन करणाऱ्यांकडे मानसोपचाराची पदवी नव्हती. ती प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनी पाहिले, तेव्हा मागील चौदा दिवसांत अजिबात न प्यायलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात 18 टक्के, तर समुपदेशन मिळालेल्या गटात 42 टक्के होते. वर्षभरानंतर धोक्याच्या पातळीखाली आलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 32 आणि 54 टक्के होते.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी. हा प्रयोग हानिकारक मद्यपानाच्या टप्प्यावर असलेल्यांसाठी होता. ज्यांचे शरीर दारूवर पूर्ण अवलंबून झाले आहे, त्यांना केवळ बोलणे पुरत नाही, औषधेही लागतात. परंतु तीही बहुतेक वेळा ओपीडीतून देता येतात.

माळ घालण्यापूर्वी डॉक्टर

आपला परभणी जिल्हा गोदाकाठचा, संत जनाबाईंच्या गंगाखेडचा. वारकरी परंपरेत तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू सुटते, आणि अशा माळेने सावरलेली माणसे गावोगाव दिसतात. आषाढी, श्रावण किंवा नवरात्र आले की अनेकजण एका दिवसात दारू बंद करतात. या निश्चयाचा पूर्ण आदर राखून एक वैद्यकीय सूचना देणे अत्यावश्यक आहे.

जो माणूस रोज पितो, सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात आणि एक घोट घेतल्यावरच थांबतात, त्याने दारू अचानक बंद केल्यास जिवाला धोका होऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत घाम, थरथर, मळमळ, धडधड आणि निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसणे, अंगावर किडे चालल्यासारखे वाटणे, वेळकाळाचे भान सुटणे, ताप आणि प्रचंड अस्वस्थता. हा वाताचा झटका किंवा बाहेरची बाधा समजून रुग्णाला देवऋष्याकडे नेले जाते आणि त्यात मोलाचे तास वाया जातात. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे; त्यासाठी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

हे सर्व टाळता येते. माळ घालण्याचा दिवस ठरला असेल, तर त्याआधी डॉक्टरांना भेटावे. ते झटके आणि भ्रम रोखणारी औषधे काही दिवस देतात आणि क्रमाने कमी करत बंद करतात. त्याबरोबर जीवनसत्त्व ब-1 देतात. दीर्घकाळ पिणाऱ्यांत या जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असते, आणि ती भरून न काढता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावल्यास मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. 'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा' असे आपण दवाखान्यात सांगतो, तेव्हा रुग्ण पिणारा आहे हेही न लाजता सांगितले पाहिजे.

ओपीडीत नेमके काय होते?

प्रथम केसपेपर निघतो. मग डॉक्टर किंवा समुपदेशक काही प्रश्न विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली 10 प्रश्नांची चाचणी त्यासाठी जगभर वापरली जाते. किती वेळा पिता, एका वेळी किती पिता, सुरू केल्यावर थांबता येते का, सकाळी उठल्यावर गरज भासते का, कोणाला इजा झाली का, घरच्यांनी चिंता व्यक्त केली का, असे ते साधे प्रश्न आहेत. एकूण 40 गुणांपैकी 8 किंवा अधिक मिळाल्यास धोका आणि 20 किंवा अधिक मिळाल्यास अवलंबित्वाची शक्यता मानतात. किती प्यायले हे सांगताना 'एक क्वार्टरच' असे म्हटले जाते. 180 मिलीच्या त्या बाटलीत सुमारे 60 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. या चाचणीच्या मापाने ते सहा पेग होतात.

त्यानंतर रक्तदाब, रक्तातील साखर, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या होतात, कारण पुढील औषध त्यावर ठरते. ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधे आहेत. पहिले घेत असताना अफूजन्य वेदनाशामके चालत नाहीत. दुसऱ्यासाठी मूत्रपिंडे ठीक असावी लागतात. यकृताचा आजार असल्यास काही रुग्णांना बॅक्लोफेन देतात. त्याने झोप आणि चक्कर येऊ शकते. अमेरिकेत 1383 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे सर्व उपचार बाहेरूनच दिले गेले होते. डॉक्टरांच्या नियमित भेटींसह नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांना त्यात चांगला लाभ झाला.

डायसल्फिरम या औषधाविषयी विशेष सावधगिरी हवी. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब कोसळू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही असे होऊ शकते. म्हणून ते रुग्णाच्या संमतीने, त्याला सर्व समजावून आणि हृदयाची तपासणी करूनच दिले जाते. 'नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती पाहून आमटीत किंवा चहात पूड कालवणाऱ्या घरांना हात जोडून विनंती आहे, की असे कधीही करू नका. साठी ओलांडलेल्या किंवा हृदयविकार असलेल्या माणसाच्या बाबतीत ती पूड जीवघेणी ठरू शकते. शिवाय फसवणूक उघड झाली, की रुग्ण घरच्यांच्या हातचे औषधच काय, जेवणही नाकारतो.

खरा उपचार पुढच्या भेटींमध्ये आहे. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, नंतर पंधरा दिवसांनी, नंतर महिन्याने असे वर्षभर तरी जात राहावे. मध्ये एखाद्या वेळी रुग्ण पुन्हा प्याला, तर त्याला घसरण म्हणावे, पराभव म्हणू नये. साखर वाढली म्हणून आपण मधुमेहाच्या रुग्णाला घराबाहेर काढत नाही. डोस बदलून घेतो. येथेही दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणे, एवढाच त्याचा अर्थ.

भरती कोणासाठी आवश्यक?

पूर्वी दारू थांबवल्यावर आकडी किंवा भ्रम झालेला असणे, आत्महत्येचे विचार, कावीळ किंवा पोटात पाणी, रक्ताची उलटी, गर्भावस्था, वार्धक्याबरोबर अनेक आजार, किंवा घरात सांभाळायला कोणीच नसणे, अशा स्थितीत भरती हवीच. महाराष्ट्रात या क्षेत्रातील आदराचे नाव म्हणजे पुण्याचे मुक्तांगण. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने 1986 मध्ये ते सुरू केले. निवासी उपचारांबरोबर नंतरचा पाठपुरावा आणि रुग्णांच्या पत्नींसाठीचा 'सहचरी' गट, ही तेथील कामाची महत्त्वाची अंगे आहेत. तेथून परतलेल्या माणसालाही आपल्या गावाजवळची ओपीडी आणि मद्यपाशातून सावरणाऱ्यांचा गट लागतोच. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही 1935 मध्ये सुरू झालेली बंधुसंघटना त्यासाठीच आहे. तिच्या सभांना शुल्क नसते आणि आडनाव सांगावे लागत नाही.

केंद्र निवडताना नोंदणी आहे का आणि मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का, हे पाहावे. बांधून ठेवणारी, मारहाण करणारी, नातेवाइकांना भेटू न देणारी जागा उपचारकेंद्र नव्हे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 अन्वये मद्याशी निगडित मानसिक आजारही त्याच्या कक्षेत येतात आणि रुग्णाला सन्मानाने वागवले जाण्याचा हक्क आहे.

आपण स्वतः काय करावे?

पिणाऱ्याची इच्छा नसेल तर काहीच करता येत नाही, असे आपण ऐकत आलो आहोत. ते पूर्ण सत्य नाही. अमेरिकेत 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचारांना तयार नसलेल्या मद्यपींच्या 130 नातलगांना तीन वेगवेगळ्या पद्धती शिकवल्या गेल्या. घरातील वागणूक बदलण्याचे प्रशिक्षण ज्यांना मिळाले, त्यांच्यापैकी 64 टक्के जणांनी आपला माणूस उपचारांपर्यंत आणला. सर्वांनी मिळून त्याला समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण 30 टक्के होते; आणि केवळ स्वतःला सावरण्याचा, त्याच्यापासून मनाने अलिप्त राहण्याचा मार्ग शिकवणाऱ्या पद्धतीत 13 टक्के.

त्या प्रशिक्षणाचे सार असे आहे. तो प्यायलेला असताना वाद, उपदेश किंवा हिशेब करू नये. ते बोलणे सकाळसाठी ठेवावे. न प्यायलेल्या दिवशी मात्र त्याच्याशी आवर्जून बोलावे, त्याच्या आवडीचे जेवण करावे, त्याला नातवंडांत बसवावे. चांगल्या दिवसाचे फळ त्याला दिसले पाहिजे. त्याच्या पिण्याचे परिणाम आपण झाकू नयेत. उधारी फेडणे, कामावर खोटा निरोप देणे, रस्त्यावर पडला तर गुपचूप कपडे बदलून झोपवणे, यांमुळे आजाराला मुदतवाढ मिळते. आणि तो स्वतः हताश होऊन 'आता पुरे झाले' म्हणेल, त्या दिवशी केसपेपर काढायला नेण्याची तयारी आधीच असावी. तो क्षण फार काळ टिकत नाही. मारहाण होत असेल, तर मात्र ही कोणतीही युक्ती न करता आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठिकाणी न्यावे.

वृद्ध आई-वडिलांसाठी एक वेगळे सांगणे आहे. पेन्शनचे किंवा निराधार योजनेचे पैसे मुलगा हिसकावून नेतो आणि आपण 'पोटचा गोळा' म्हणून गप्प राहतो. पैसे न देणे ही माया आटल्याची खूण नाही. पासबुक विश्वासू माणसाकडे ठेवा, आपल्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या चुकवू नका, आणि मनावरचा भार समुपदेशकाशी बोला. त्याच्यासाठी ओपीडीत जाल तेव्हा आपलाही केसपेपर काढा.

पिणारे आपण स्वतःच असाल तर

ज्येष्ठांनो, हा लेख केवळ आपल्या मुलांविषयी नाही. वय वाढते तसे शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे चाळिशीत पचलेली तीच मात्रा सत्तरीत रक्तात अधिक चढते. झोपेच्या गोळीबरोबर ती श्वास मंदावते, मधुमेहाच्या गोळीबरोबर साखर अचानक घसरवते, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर रक्तस्राव वाढवते. रात्री मोरीकडे जाताना पाय घसरून मोडलेले खुब्याचे हाड आणि विसराळूपणा, ही दोन्ही दुखणी 'म्हातारपण' म्हणून सोडून दिली जातात, पण कित्येकदा त्यांच्या मुळाशी संध्याकाळचा पेला असतो. आनंदाची गोष्ट अशी, की उतारवयात उपचार सुरू करणारे रुग्णही चांगले सावरतात. फक्त आपल्या वयात अचानक थांबवणे अधिक धोक्याचे, म्हणून डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

परभणी जिल्ह्यातून वाट कशी धरावी?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 मध्ये आणि त्याअंतर्गत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 मध्ये सुरू झाला. मानसोपचार मोठ्या शहरांतील मनोरुग्णालयांपुरते न राहता जिल्ह्याच्या रुग्णालयात ओपीडीतून मिळावेत, हाच त्याचा हेतू. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन मानसोपचार विभागाचा वार विचारावा. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम किंवा पूर्णा येथील वाचकांनी आपल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात समुपदेशक कधी भेटतात, याची चौकशी आशाताईंकडे करावी.

खर्चाची भीती बाळगू नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत. एसटीमध्ये 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना आणि सर्व महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवासाची सवलत मिळते. सोबत जाणारी आई किंवा पत्नी हा उपचारांचाच भाग आहे, हे लक्षात ठेवून ही सवलत वापरा.

ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास बाहेर पडणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी एक भेट घ्यावी, महिन्याची औषधे व केसपेपरची प्रत सोबत न्यावी, आणि कारखान्याजवळच्या सरकारी रुग्णालयात तीच प्रत दाखवावी. कोयत्यावर असताना उचल आणि दारू यांची सांगड लवकर बसते. उपचारांत खंड पडण्याचा तोच काळ असतो. ज्यांना प्रत्यक्ष जाणे अशक्य आहे, त्यांनी केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 किंवा व्यसनमुक्तीच्या मदतीचा 14446 हा क्रमांक फिरवावा. दोन्ही निःशुल्क आहेत.

वाचकहो, पुढच्या पंधरा दिवसांत एवढे करा. त्याच्या न प्यायलेल्या सकाळी जवळ बसा. किती पैसे घालवलेस, हे विचारू नका. 'तू आणखी वीस वर्षे आमच्यात असावास, म्हणून मी तुझ्याबरोबर दवाखान्यात येते', एवढेच म्हणा. तो नाही म्हणाला, तर आपण एकटेच जाऊन समुपदेशकाला भेटून या, आणि आठवड्याने पुन्हा विचारा.